कुवाबारा मास्टरांचे कान

जपानमधल्या मोरिओका शहरात स्टेशनामागच्या गल्लीत कुवाबारांचं कॉफीचं दुकान आहे. अशा दुकानाच्या मालकाला तिकडे मास्टर म्हणतात. तिथे कॉफीसाठी कोणी जात नाही, जातात ते जॅझच्या रेकॉर्डी ऐकायला. कपाटाएवढे दोन स्पीकर, भिंतभर रेकॉर्डी, आणि दारावर पाटी: आत बोलू नये. कोणी नुसतं कुजबुजलं, तरी मास्टर असे बघायचे की त्या बापड्याला साखर घातलेली कॉफीही कडू लागायची!

चाळीस वर्षं हा थाट चालला. अलीकडे मात्र गिऱ्हाईक आटलं. दुपारी दहा खुर्च्यांवर जेमतेम तिघं. असंच चाललं तर हिवाळ्यात दुकान बंद करावं लागणार, हे बायको फुमिएला दिसत होतं. मास्टर सगळं खापर डिजिटलवर फोडायचे. "फोनमधलं ऐकून लोकांचे कान मेलेत. ते संगीत नव्हे, संगीताचं प्रेत!"

शेवटी पोस्टातून निवृत्त झालेले नुमाता, तीस वर्षांचं गिऱ्हाईक, एका दुपारी डिजिटल यंत्र घेऊन आले. "मास्टर, तुमच्याच रेकॉर्डची प्रत आहे यात. न बघता फरक ओळखाल?"

"झोपेत ओळखीन!"

मास्टर भिंतीकडे तोंड करून बसले. वाजवायचं काम फुमिएकडे. तिने तोच तुकडा दोनदा लावला.

"पहिलं डिजिटल," मास्टर ताडकन म्हणाले. "झांजा कुठायत त्यात? दुसरी माझी रेकॉर्ड. काय खणखणीत!"

फुमिए हात पुसत पुढे आली.

"अहो, दोन्ही वेळा रेकॉर्डच लावली मी. पहिल्यांदा फक्त ट्रेबलचं बटण मधोमध ठेवलं, पूर्वी तुम्ही ठेवायचात तसं. हल्ली झांजा ऐकू याव्यात म्हणून तुम्ही ते पार टोकाला नेता."

मास्टर वळले. "मग खणखणीत ऐकू येतं ना?"

"तुम्हाला येतं," नुमाता हळूच म्हणाले. "आमच्या कानात सुया टोचतात, मास्टर. तीन वर्षं झाली. म्हणून तर लोक येईनासे झाले."

"तीन वर्षं? आणि एकानेही तोंड उघडलं नाही?"

"उघडायचं कुठे? तुम्ही पाटी लावून ठेवलीत ना!"

आता बोला! मास्टरांना भयंकर राग आला. नुमातांचा, फुमिएचा, त्या यंत्राचाही. मग राग कोणावर काढावा तेच कळेना. सत्तरी उलटलेला माणूस, आयुष्यभर नुसत्या कानांच्या जिवावर मिजास केलेला. लाज वाटली त्यांना.

ते उठले. बटण त्यांनी स्वतःच्या हाताने मधोमध आणलं आणि सुई पुन्हा रेकॉर्डवर टेकवली. नुमातांनी डोळे मिटले, त्यांची मान डोलायला लागली. मास्टर स्पीकरच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले.

"फुमिए," ते म्हणाले, "झांजा वाजतायत का गं?"

"वाजतायत. छान वाजतायत."