मंगळ अन् गुरूच्या मधातला पोट्टा

आता कोणत्या तोंडानं सांगू तुम्हाले! पण चहा ठेवलाच आहे, तर ऐका माझी फजिती.

आमची मुक्ता फिजिक्स शिकते. इकडं हिंदी मुलखात वाढली, म्हणून हिंदीच जास्त बोलते. परवा गॅलरीत मैत्रिणीशी फोनवर बोलून राहिली होती. मी आत मेथी निवडून राहिली होती. कान काय, आपले असतातच ना उघडे!

"एकदम काला है यार, कोयले जैसा! पर मिला तो मुझे ही! घर पे अभी मत बताना, पहले पक्का होने दे."

मेथी हातातल्या हातात! पोट्टीनं परस्पर जमवलं की हो!

धावत जाऊन यांना सांगितलं. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणतात, "करते काय तो?"

आता मले काय माहीत? परत दाराआड उभी राहिली.

"करेगा क्या? बस घूमता है! चार-पाँच साल में एक चक्कर!"

"अहो, बिनकामाचा आहे! नुसता फिरते! चार-पाच वर्षांत एकदा तोंड दाखवते!"

आता मात्र पेपर खाली आला. "ब्राह्मणपाऱ्यात, आपल्याच मोहल्ल्यात, आपण काय तोंड दाखवायचं गं?" म्हणाले अन् चक्क डोळे पुसू लागले. मीही रडली. शेवटी ठरवलं, विरोध केला तर पोरगी हातची जाईल. आपणच समजूतदार व्हायचं.

संध्याकाळी तिले जवळ बसवलं. "बेटा, आम्हाले सगळं कळलं. काळा तर काळा! कृष्ण काय गोरा होता? फक्त सांग, राहते कुठं?"

पोट्टी एकदम खूश! "मंगल और गुरु के बीच में!"

"म्हणजे पत्रिकाही पाहून ठेवली?" हे ओरडले.

"कसली पत्रिका, बाबा? ॲस्टेरॉइड है वो! लघुग्रह! दूरबीन के फोटो में मिला मुझे. कार्बनवाला काला पत्थर!"

"खरंच दगड आहे?"

"हव, आई!"

हुश्श! देवा रे! दगड निघाला हो, दगड! असा जीव भांड्यात पडला म्हणून सांगू! मी तिचे पटापट मुके घेतले. हे मात्र चिडले, "मले काहून रडवलं मग दुपारभर?"

तेवढ्यात मुक्ता हळूच म्हणते, "आई, वैसे... एक और है. वो इंसान है. तू गुस्सा तो नहीं होगी ना?"

एरवी मी जात, पगार, पत्रिका, सगळं खोदून खोदून विचारलं असतं. पण त्या घडीला माझ्या तोंडून निघालं काय?

"पृथ्वीवर राहते ना? मग बोलाव चहाले!"