कच्चीला जीभ लावू नका

कारखान्यात तिला कुणी नावानं हाक मारत नसे. ती 'चाळणबाई'. हलत्या चाळण्यांपाशी सव्वीस वर्षं उभी राहून तिनं मोठा, मध्यम आणि बारीक दाणा वेगळा केला होता. मूठभर साखर तळहातावर पसरली की दमट आहे की कोरडी, हे ती यंत्राच्या आधी सांगे. यंत्राशी तिचं पटलं नाही, तर यंत्र दुरुस्तीला जाई.

नव्या बायकांना तिचा पहिला धडा ठरलेला. आवारात बाहेरून तपकिरी साखरेची पोती येत, त्यांवर ठसा असे : 'कच्ची. फक्त शुद्धीकरणासाठी.'

"कच्चीला जीभ लावू नका," ती दटावे. "त्यात माती असते, चिपाडं असतात, हमालांच्या बुटांची धूळ असते. कच्ची म्हणजे न धुतलेली. शिरलं डोक्यात?"

आणि मागल्या वर्षी याच कारखान्याला एकाएकी कच्चीचा पुळका आला. चकचकीत पाकीट निघालं : 'कच्ची साखर. निसर्गानं दिली तशी.' भाव पांढरीच्या दुप्पट. आत काय, तर चाळणबाईनंच चाळलेली पांढरीशुभ्र साखर! ती फिरत्या पिंपात ओतायची, वरून मळीचा फवारा मारायचा आणि रंग चढला की पाकिटात भरायची. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेला काळा चिकट पाक. आधी खपून तो काढायचा, मग तोच परत फासायचा आणि त्याला निसर्ग म्हणायचं. चाळणबाईला हे दिसत होतं. 'निदान पोटात माती तरी जात नाही कुणाच्या,' असं म्हणून ती गप्प बसली. तिथंच तिचं चुकलं.

मग जाहिरातवाला आला.

"मावशी, चाळणी हातात धरा आणि हसा."

"अहो, आमची चाळणी विजेवर चालते. चार माणसांना उचलत नाही. हातात कुठली धरू?"

"मी आणलीय ना," म्हणत त्यानं पिशवीतून पीठ चाळायची चाळणी काढली.

तिनं ती धरली. कोरा एप्रन घातला, कागदावर सही केली आणि हसली. खोटं कशाला बोला, तिला बरंच वाटलं होतं. सव्वीस वर्षांत तिच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नव्हतं.

महिन्याभरानं ती ताईकडे गेली. ताई, म्हणजे तिची थोरली बहीण, मधुमेहानं बेजार. पायाच्या अंगठ्याची जखम दोन महिने भरत नव्हती. डॉक्टरांनी साखर साफ बंद केली होती, जखम आणखी चिघळली तर अंगठा काढावा लागेल असंही बजावलं होतं. अन् ही बाई चहात भरभरून दोन चमचे घालतेय!

"ताई! हे काय चाललंय?"

"ओरडू नकोस. बंद केलीय ती पांढरी. ही कच्ची आहे." ताईनं पाकीट फिरवून तिच्यापुढे धरलं. "बघ तरी, कोण देतंय!"

पाकिटावर ती स्वतःच होती. चाळणी धरून, दात दाखवत.

"ही चालते म्हणून तुला कुणी सांगितलं?"

"तू! ही काय उभी आहेस. तू मला वाईट देशील होय गं?"

चाळणबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं ग्लासभर गार पाण्यात चमचाभर साखर टाकली, एकदा हलकेच ढवळली आणि तपकिरी पाणी लगेच मोरीत ओतलं. तळाशी पांढरे दाणे उरले. नेहमीचे. मध्यम.

ताईनं ग्लास उजेडात धरून पाहिला. मग म्हणाली, "मग तू हसतेस कशाला त्याच्यावर?"

चाळणबाईनं ग्लास विसळून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती मॅनेजरच्या टेबलासमोर उभी राहिली. "माझं तोंड काढा त्या पाकिटावरून."

"मावशी, मधुमेहाला चालते असं आपण कुठं छापलंय? मागे बारीक अक्षरांत सगळं दिलंय. साखर, मळी."

"माझी ताई मागचं वाचत नाही. पुढे मी आहे ना, म्हणून!"

"सही केलीय तुम्ही. आणि 'कच्ची' हे नुसतं नाव आहे हो."

नुसतं नाव! पोत्यावर तोच शब्द खाऊ नका म्हणून सांगतो आणि पाकिटावर खा म्हणतो, आणि याला त्यात काही वावगं दिसत नाही. शिकलेली माणसं ही!

फाटकाजवळ कारखान्याचंच दुकान होतं. जेवणाच्या सुट्टीत चाळणबाई तिथं जाऊन उभी राहिली. गिऱ्हाईक बायकांनी तिला लगेच ओळखलं.

"अगबाई, पाकिटावरच्या त्या तुम्हीच ना?"

"मीच. एक ग्लास पाणी आणा."

तीन दिवस तिनं ग्लासात साखर धुऊन दाखवली. पाकिटं फळीवर पडून राहिली. चौथ्या दिवशी तिची बदली झाली : रिकामी पोती झटकायच्या शेडमध्ये. तोंडाला फडकं बांधून दिवसभर कच्चीची धूळ खायची. पाकिटावरून तिचा चेहरा गेला, उसाचं हिरवं पान आलं. 'कच्ची' हा शब्द जागचा हलला नाही, भावही नाही. सही तिनं केली होती, आणि लाज वाटायची वेळ आली तीही तिच्यावरच, मॅनेजर-जाहिरातवाल्यांपैकी एकावरही नाही.

पुढल्या भेटीत ताईनं बिनसाखरेचा चहा केला. पायाला पट्टी होती, अंगठा अजून जागेवर होता. घरच्यांसाठी ठेवलेल्या साखरेच्या डब्यावर, झाकणाच्या मधोमध, पाकिटातून कापलेला चाळणबाईचा चेहरा चिकटवला होता.

"हात गेला की तू दिसतेस," ताई म्हणाली.

"पण मी हसतेय ना त्यात!"

"नीट बघ."

ताईनं पेनानं तिच्या भुवया चढवल्या होत्या आणि हसरं तोंड खाली वाकवलं होतं.