एका बाजूचा बर्फ

मी चूक केली, ती दुसऱ्या कुणी दाखवली आणि सुधारल्यावर शाबासकी मात्र मी घेतली. हे आधीच सांगून टाकतो.

नाशिकच्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही इमारतींची गणितं करतो. खांब किती जाड, छताला लोखंड किती, असली. एकदा हिमाचलमधल्या एका शाळेच्या सभागृहाचं काम आलं. छत लोखंडी पाइपांच्या कमानींचं, गोल, आणि त्यावर बर्फाचं ओझं धरायचं. आम्ही बर्फ पाहिला होता तो फ्रीजमधला. मी सगळ्या छतावर सारखा थर धरला आणि गणित संपवलं.

चहाच्या वेळी नवी इंजिनिअर म्हणाली, "सर, बर्फ सारखा कसा राहील? आमच्या गुलाबाच्या पॉलिहाऊसवर, म्हणजे त्या प्लॅस्टिकच्या गोल छपरावर, गारा पडल्या तेव्हा वाऱ्याने सगळा ढीग एका अंगाला लोटला. तिकडचेच पाइप वाकले."

"मॅडम, शाळा बांधतोय. आत गुलाब नाही लावायचे!" मी म्हणालो.

सगळे खो खो हसले. ती कप घेऊन आपल्या टेबलाकडे गेली.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत ऑफिसात मी एकटाच होतो. जाड कागदाची कमान केली, टेबलफॅन लावला आणि वरून मुरमुरे सोडले. निम्मे कीबोर्डवर गेले. उरलेले कमानीच्या पलीकडच्या उतारावर साचले. मग नियमांचं पुस्तक उघडलं. एका बाजूचा भार वेगळा तपासा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. सारखं ओझं कमान मजेत पेलते; एकाच अंगाला पडलं की दुसरीकडून फुगते. नव्या गणितात माझे पाइप कमी पडत होते. आणि त्या छताखाली मुलं बसणार होती.

मी गुपचूप पाइप जाड केले. नवं गणित पाहून आर्किटेक्टचा फोन आला, तो स्पीकरवर होता. "एका बाजूचा बर्फही धरलात, बारीक लक्ष आहे हो तुमचं!" ऑफिसभर ऐकू गेलं. तिलाही. मी "थँक्यू" म्हणालो.

पुढच्या हिवाळ्यात तिकडून फोटो आला. छताच्या एका अंगाला हा एवढा बर्फ, दुसरं अंग जवळजवळ उघडं, आणि समोर पोरं बर्फाचे गोळे फेकतायत! सगळे माझ्या स्क्रीनभोवती गोळा झाले. ड्राफ्ट्समन काका ओरडले, "अरे, जिलेबी मागवा!" सगळ्यांत जास्त आनंद तिला झाला होता. "सर, काय मस्त उभंय!" म्हणत ती टाळ्या पिटत होती. मनात काही धरलेलं दिसेना. तेच मला सोसवेना.

जिलेबी आली. मी उठून उभा राहिलो.

"हे छत मॅडममुळे उभं आहे," मी म्हणालो. "ढीग एका बाजूला साचतो हे त्यांनी सांगितलं होतं. मी थट्टा केली, नंतर तेच वापरलं आणि कौतुक स्वतः घेतलं. आर्किटेक्टना आत्ताच फोन करून सांगतो. मॅडम, माझं चुकलं. सगळ्यांसमोर तुम्हाला हसलो, म्हणून सगळ्यांसमोरच माफी मागतो."