दुखणं मोजणाऱ्या बोरसे मॅडम

बोरसे मॅडम दारातच माणसाचा वास घ्यायच्या. धुळ्याच्या फार्मसी कॉलेजात मी एम.फार्म.ला आले, त्या पहिल्याच दिवशी त्यांनी मला परत पाठवलं. "डोक्याला काय थापलंय? धुऊन ये. नवा वास आला की उंदीर घाबरतो, आणि घाबरलेला उंदीर दुखणं लपवतो." आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. राग आला, पण डोकं धुऊन आले.

काम होतं जबड्याच्या नसेचं दुखणं मोजायचं. उंदराच्या मिशांपाशी नायलॉनचा बारीक तंतू टेकवायचा. दुखत असेल तर तो झटकन डोकं मागे घेतो, पंज्यांनी तोंड पुसत राहतो. कोणाला औषध दिलंय आणि कोणाला नुसतं पाणी, हे आम्हा मोजणाऱ्यांना ठाऊक नसायचं. मी कंटाळले की मॅडम अहिराणीवर यायच्या, "त्यासले बोलता येत नई पोरी, आपले देखता येस ना?"

औषध सातपुड्यातल्या एका झाडाच्या सालीचं, मॅडमनी वर्षानुवर्षं खपून काढलेलं. नशिराबादच्या त्यांच्या थोरल्या बहिणीला, अक्काला, हाच आजार होता. गालाला वारा लागला तरी कळ मस्तकात जायची. भाकरी कधीचीच सुटली होती. फोनवर ती एकच विचारायची, "तुनं औषध कव्हय व्हई व?"

शेवटच्या मोजणीला संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन थेट आत शिरले. अत्तर, तंबाखू, मोठमोठे आवाज. मी तंतू टेकवत होते आणि एकही उंदीर डोकं हलवेना.

"वा मॅडम! औषध लागू पडलं की!"

"साहेब, बाहेर जा."

"काय म्हणालात?"

"बाहेर जा. आजची मोजणी बाद."

ते तणतणत गेले. मी रडकुंडीला आले. "मॅडम, औषध दिलेल्यांचं तरी खरं असेल ना?"

"सगळेच गप्प आहेत. पाणी प्यायलेलेही बरे झाले काय गं?"

उंदीर शांत झाल्यावर पुन्हा मोजलं. मग औषध देणाऱ्या सरांनी कोणत्या पिंजऱ्याला काय दिलं ते सांगितलं. औषधवाले आणि पाणीवाले, सगळे सारखेच तोंड पुसत होते. मॅडमनी मला पुन्हा जुळवून बघायला लावलं. तेच.

"लिही. गुण दिसला नाही."

"थोडा दिसला, असं लिहू?"

"तुला दिसला?"

"नाही."

"मग?"

माझ्यासमोरच त्यांनी नशिराबादला फोन लावला. "अक्का, हाई औषध नई शे."

 पलीकडून ओठ न हलवता बोलल्यासारखा आवाज आला, "मंग दुसरं देख."

"देखसू," मॅडम म्हणाल्या.

निवृत्तीपर्यंत त्या नव्या साली उकळत राहिल्या. अक्का त्याआधीच गेली. तिला खोटं औषध मात्र आम्ही पाजलं नाही.