गुणाकार चोवीस, बेरीज बारा

माझी थोरली बहीण दहावीला गणितात दोनदा आपटली. बाबांनी सांगून टाकलं, आता ही ऑक्टोबरची शेवटची. पास झाली तर वर्ध्याला नर्सिंग, नाहीतर वडनेरचं स्थळ तयारच होतं. शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी नववीत, गणितात हुशार, आणि त्याचा तोरा तर विचारूच नका.

ती चुलीपुढे पोळ्या लाटायची, मी उंबऱ्यात बसून विचारायची. एक्स वर्ग अधिक सात एक्स अधिक बारा. गुणाकार बारा, बेरीज सात. ती लाटणं थांबवून म्हणायची, "तीन अन् चार." ते सापडले की मधलं पद फोडायचं, अवयव पडले. तिच्या पुस्तकात पुढे एक लांबलचक सूत्र होतं, वर्गमुळाचं. ते काही केल्या तिला पाठ होईना. मी वैतागले. "राहू दे ते, ताई. आकडे असतेतच. शोधत राह्यजो." माझ्या नववीच्या पुस्तकात प्रत्येकाचे अवयव पडायचे. मला वाटायचं, सगळ्यांचेच पडतात.

पेपर देऊन ती आली ती पांढरीफटक. प्रश्नपत्रिकेवर बोट ठेवलं. एक्स वर्ग अधिक बारा एक्स अधिक चोवीस. कडेला पेन्सिलीनं बारीक अक्षरात दोन-बारा चौदा, तीन-आठ अकरा, चार-सहा दहा.

"बारा येतच नाई व. अर्धा तास यातच गेला. समोरचे सवाल राहूनच गेले."

मी कागद ओढून घेतला. मलाही सापडेनात. पण कबूल करेल ती मी कसली!

"आहेत आकडे," मी म्हणाले. "तुलेच दिसले नाई."

तिनं मान हलवली. भांडलीसुद्धा नाही.

ती चार मार्कांनी गेली. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं.

पावसाळ्यात, दहावीच्या वर्गात, सरांनी फळ्यावर तसंच एक समीकरण लिहिलं आणि म्हणाले, याचे असे अवयव पडत नाहीत, इथं सूत्रच लागतं. मी वहीच्या मागच्या पानावर ताईचं समीकरण सूत्रानं सोडवून पाहिलं, दोन ओळींत सुटलं. घरी कोणालाच काही बोलले नाही.

आता तिच्या पोरी शाळेत जातात. मी वडनेरला गेले की वह्या घेऊन बसतात.

"मावशीलेच इचारा," ती म्हणते. "मले गणिताचं डोकंच नाई. साधे दोन आकडे दिसले नाई मले, म्हणून तं घरी बसली."

दर वेळी आज सांगायचंच म्हणून जाते, आणि तिच्या हातचा चहा पिऊन परत येते.