लाल गाडीचा झाकलेला नंबर आणि यादवराव वकील

गौरवग्रंथाच्या मंडळींना सप्रेम नमस्कार. संपादकांचा गुडघा आता जिना चढू देतो ना? चिटणीसांचा खोकला गेला का? जरीपटक्यात राहणाऱ्या वहिनींच्या डोळ्याची पट्टी सुटली असेल, असे धरून चालतो. माझे बरे आहे. हाताला ग्रीस आहे तोवर मला काही होत नाही. लेख मागितलात, तर जसे येते तसे लिहितो. शाळा चौथीपर्यंतच झाली, बाकीचे मोटारींनी शिकवले.

श्री. यादवराव वासेकर वकील यांची साठी होत आहे. परदेशी गाडी कायद्याने आणायची, तर नागपुरात लोक त्यांचेच दार गाठतात. माझी त्यांची पहिली भेट मात्र माझ्या गाढवपणामुळे झाली.

रामदासपेठेतल्या डॉक्टर सुमनताई काही वर्षे जपानात नोकरी करून परतल्या, त्या स्वतःच्या कमाईची लाल, दोन दारांची स्पोर्ट्स गाडी घेऊनच. तेव्हा वाटेल त्याला परदेशी गाडी आणता येत नसे. बाहेर राहून कायमचे परतणाऱ्याला, स्वतः वापरलेली एकच गाडी, जकात भरून आणण्याची मुभा होती. बंदरावर सगळे रीतसर झाले होते. नागपुरातली नोंदणी तेवढी उरली होती, आणि त्याआधी गाडी माझ्या गॅरेजात आली. गाडी तपासणीला नवरीसारखी जावी, म्हणून मी इंजिनामागचा पत्राही मायेने रंगवला. पुट्टी भरून, वर रंगाचे दोन हात! त्या गाडीचा चेसिस नंबर त्याच पत्र्यावर ठोकलेला होता, हे मला कुठे ठाऊक!

नोंदणी कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी बॉनेट उघडले. "काहून गा मिस्त्री, नंबर कुठं आहे?"

नंबर दिसत नाही, तर कागद याच गाडीचे कशावरून? दोन दिवसांत नंबर दाखवा, नाही तर जप्ती, असे त्यांनी बजावले. "मुभा एकदाच मिळते हो, काका," सुमनताई एवढेच म्हणाल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरे, असे झाले.

आम्ही तसेच वकीलसाहेबांकडे गेलो. मी म्हणालो, "साहेब, नंबर ठोकायचे पंच माझ्यापाशी आहेत. कागदावरचा नंबर नव्यानं ठोकून देतो. पाच मिनिटांचं काम."

साहेबांनी चष्मा काढला. "खरा नंबर खाली जित्ता आहे न गा? मग त्याच्या डोक्यावर खोटा काहून ठोकून राहिला? आता गाडी कायद्यात आहे, येडा फक्त तू आहे. ठोकला, का दोघंही कामातून गेले."

सुमनताई त्या दिवशी पहिल्यांदा हसल्या.

अर्जाची पहिलीच ओळ साहेबांनी लिहिली, 'चूक आमच्या मिस्त्रीची आहे, त्याने मायेपोटी नंबरावरच रंग लावला.' दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांसमोर त्यांनी माझ्या हातात थिनर आणि चिंधी दिली. "घास बाबा, तुह्याच हातानं." एकेक आकडा वर येऊ लागला. शेवटचा पुट्टीत रुतून बसला होता. तीन की आठ, कळेना. मी ब्लेड काढले, तर साहेबांनी मनगट धरले. "खरवडू नको. ओरखडा पडला तर अधिकाऱ्याले काय सांगशील? नरम होऊ दे." ओली चिंधी लावून आम्ही बसलो. चहा आला, संपला. चिंधी उचलली, तर आठ! कागदावरही आठच.

"मिस्त्री," अधिकारी म्हणाले, "पुढच्या बारीले माया जरा पातळ लावजा!" अख्खे कार्यालय हसले. सुमनताईंनी माझ्या रंगाने माखलेल्या हातात हात दिला.

साहेबांचा बाणा पुढेही पाहिला. एका बड्या व्यापाऱ्याला परतणाऱ्या भाच्याच्या नावावर तशीच गाडी आणायची होती. साहेब म्हणाले, "गाडी तुमची, नाव त्याचं अन् सही माझी? चहा घ्या अन् या." आणि मला मात्र त्यांनी कितीतरी रविवार समोर बसवून आयातीचे नियम ओळ न् ओळ समजावून दिले. ते कधी थकले नाहीत, मीच पेंगायचो.

अशा माणसाला ठणठणीत, लांब आयुष्य लाभो. नजर अशीच राहो, आणि जीभही अशीच तिखट राहो.

माझा मुलगा म्हणतो, "बाबा, रंगाची गोष्ट गाळा, गॅरेजची शोभा होते." तुम्ही गाळू नका. ती गाळली, तर साहेब ग्रंथ परत धाडतील, आणि वर मलाच बोलावून घेतील. जशीच्या तशी छापता आहात, एवढे दोन ओळींत कळवा. उत्तर लवकर धाडा; टपालवाल्याची वाट पाहतो आहे.