बाभळीच्या कोळशाचा माठ

दुष्काळात आमच्या गावाला सरकारी बोअर मिळाली. गावानं वाजतगाजत नारळ फोडला आणि लोखंड प्यायला सुरुवात केली. हापशातून स्वच्छ येणारं पाणी घरी पोचेपर्यंत तांबडं व्हायचं. भात पिवळा, धोतरं पिवळी आणि चहा काळाठिक्कर. मी मनाशी पक्कं केलं होतं, नवरा कसाही असो, त्याच्या घरी भात पांढरा शिजला पाहिजे.

माझे काका हायस्कुलात विज्ञान शिकवायचे आणि घरी आल्यावरही थांबायचे नाहीत. झाडपाल्यातल्या काही गोष्टी पाण्यातला धातू धरून ठेवतात, असं त्यांनी कुठंतरी वाचलं. लगेच माठावर माठ चढला. वरच्याच्या बुडाला भोक, आत वाळू आणि बाभळीचा कोळसा. आम्ही खूप हसलो. पण खाली खरंच नितळ पाणी ठिबकलं! मग काय विचारता, काका गावभर छाती काढून हिंडले.

अशात सोनईच्या पलीकडचं स्थळ आलं. तिकडचं पाणी गोड, असं ऐकून होते, त्यामुळे नवरा न बघताच मला पसंत होता. फक्त आमचा चहा बघून त्यांनी नकार देऊ नये, एवढंच देवाकडं मागणं.

पाहुणे मला बघायला येणार त्या दिवशी सकाळी आत्या माठात डोकावली. "अगं बया! शुभकार्याला काळं?" तिनं कोळसा उकिरड्यावर फेकला आणि बाभळीची ताजी साल कुटून भरली. साल औषधी, दाताला चालते, मग पाण्याला का नाही?

पाहुणे ओट्यावर टेकले तेव्हा आईनं खालचा माठ उघडला. आत अस्सल शाई! घरात दुसरं पाणी नव्हतं.

काका खुलले. "सालीतल्या तुरटपणानं लोखंड बरोबर धरलं, त्याचीच शाई झाली. म्हणजे प्रयोग यशस्वीच!"

"भावजी, आता गप बसा," आई म्हणाली आणि चहात दूध ओतत सुटली. चहा राखाडी झाला.

मुलाच्या आईनं बशीत बघितलं. माझा जीव टांगणीला.

"तुमच्याकडं बी बोअरच हाय व्हय? लई बरं झालं बाई! आमचं पानी बघून पोरी न्हाई म्हनत्यात. ही तरी सवयीची हाय."

तिथंच सुपारी फुटली. मी न्हाणीत जाऊन ढसाढसा रडले. पोरगी लाजली, असं सगळ्यांनी ठरवलं.

लग्नात रुखवत मांडला. शेवया, कुरडया आणि मधोमध काकांनी दिलेले दोन माठ, वरच्यात काठोकाठ बाभळीचा कोळसा. शुभकार्याला काळं नको म्हणणाऱ्या आत्यानंच त्या कोळशाला हळदकुंकू लावलं.